दोन पावसाळ्यांचे इंग्रज

पन्हाळ्यावर फिरताना इंग्रजांच्या तोफांची गोष्ट कानावर येतेच. 1660 च्या वेढ्यात राजापूरच्या वखारीचा हेन्री रेव्हिंग्टन वेढा घालणाऱ्या सिद्दी जौहरच्या मदतीला आला. पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांनी राजापूर मारलं आणि वखारवाल्यांना कैदेत टाकलं. हे सगळं खरं. पण त्यावरून दोन समज पक्के झाले आहेत: इंग्रज आले तेव्हापासूनच बलाढ्य होते, आणि त्यांच्यातले जे मेले ते लढाईत मेले. दोन्ही चूक.

अंजदीव बेटाचंच पाहा. कारवारसमोरचं, पण गोव्यात मोडणारं हे एवढंसं बेट. पोर्तुगालबरोबरच्या 1661 च्या तहात मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाली. ती ताब्यात घ्यायला सर अब्राहम शिपमन सुमारे चारशे शिपाई घेऊन 1662 मध्ये आला. पोर्तुगीजांनी मुंबई सोडायला साफ नकार दिला. शेवटी या लोकांनी अंजदीववर मुक्काम टाकला आणि तिथेच दोन पावसाळे काढले. तापाने, रोगराईने माणसं पटापट गेली. 1664 मध्ये खुद्द शिपमनही गेला. फेब्रुवारी 1665 मध्ये हम्फ्री कुकने मुंबईचा ताबा घेतला, तेव्हा जेमतेम शंभर-सव्वाशे शिपाई उरले होते. शत्रूशी एकही लढाई झाली नव्हती!

मुंबईतही तेच. जहाजावरचा पाद्री जॉन ओव्हिंग्टन 1690 च्या सुमारास तिथे पोहोचला. त्याने लिहून ठेवलंय की सोबत आलेल्या चोवीस प्रवाशांपैकी वीस जण पावसाळा सरायच्या आत पुरले गेले. गोऱ्या माणसाचं आयुष्य इथे दोन पावसाळ्यांचं, असं तेव्हा बोललंच जायचं.

दोष मात्र दिला गेला हवेला. माडांच्या मुळाशी माशांचं खत घालतात, त्याच्या कुजक्या वासाने ताप येतो, अशी इंग्रजांची खात्री होती. बिचाऱ्या बागाइतदारांवर हा नाहक आळ. भरतीचं पाणी खाचरांत शिरून साचायचं, त्यात डास वाढायचे. हिवतापाचा जंतू डासाच्या पोटात असतो, हे रोनाल्ड रॉसने सिकंदराबादेत दाखवलं ते 1897 मध्ये. हगवणीचं मूळ दूषित पाण्यात होतं. दारू आणि जडान्नाने शरीर खंगत असेल, पण सगळं खापर व्यसनांवर फोडणंही बरोबर नाही.

इथल्या माणसांना हा ताप बाधत नसे, हाही भ्रमच. लहानपणापासून पुन्हा पुन्हा हिवताप होऊन जो जगला-वाचला, त्याच्या अंगात थोडी प्रतिकारशक्ती येते. जी पोरं दगावली त्यांची नोंद ईस्ट इंडिया कंपनीच्या वहीत कोण करणार?

अमेरिकेतल्या जेम्सटाउन या इंग्रज वसाहतीतही 1607 पासून हेच घडलं. मचूळ पाणी, हगवण, विषमज्वर, आणि वर उपासमार. 1609-10 च्या हिवाळ्यात काही शे वसाहतवाल्यांपैकी साठेक जगले. स्थानिकांच्या वेढ्यामुळे अन्न तुटलं हे खरं, पण बहुतेकांचा जीव घेतला तो भुकेने आणि आजाराने.

मुंबईचा हिवताप इंग्रज स्थिरावल्यावरही हटला नाही. 1911 मध्ये डॉ. बेंटली यांनी शहरातल्या घरोघरच्या विहिरींत वाढणाऱ्या डासांकडे बोट दाखवलं. त्यानंतर विहिरी बुजवायला, झाकायला सुरुवात झाली.