आठ पत्र्यांचा बैल

घोड्याला चार नाल लागतात, बैलाला आठ पत्र्या. बैलाचा खूर मधोमध फाटलेला, म्हणून एका पायाला दोन. घोडा एक पाय नालबंदाच्या हातात देऊन तीन पायांवर निवांत उभा राहतो. बैलाला ते जमत नाही. त्याला आधी पाडावं लागतं.

अंगाभोवती दोराचा वेढा, नेमका ताण, आणि चार-पाचशे किलोंचं धूड मऊ मातीवर कुशीला कलंडतं. एक जण मानेशी बसून शिंगं धरतो, पाय एकत्र बांधले जातात आणि मग घाई सुरू होते. आडव्या पडलेल्या बैलाला पोटातला वायू ढेकरेवाटे नीट टाकता येत नाही, पोट फुगतं. म्हणून नुकत्याच वैरण खाल्लेल्या बैलाला जाणता पत्रीवाला हात लावत नाही.

खूर तासून सपाट करायचा, त्यावर अर्धचंद्राच्या आकाराची पत्री ठेवायची. खिळे फक्त बाहेरच्या कडेला, फटीच्या बाजूला एकही नाही. बैलाच्या खुराची भिंत घोड्याच्या मानाने पातळ. खिळा तिरपा जाऊन बाहेर निघाला पाहिजे. मग टोक मोडायचं, कानशीने घासायचं. खिळा आत जिवंत भागाला लागला तर बैल हिसका देतो. कधी देत नाही, आणि दुसऱ्या दिवशी लंगडतो. हे जास्त वाईट. मुरलेल्या हाताला हातोडीच्या आवाजातला फरक आधीच कळतो.

मऊ रानात औत ओढणाऱ्या बैलाचं पत्रीवाचून अडत नाही. खूर महिन्याला जेमतेम 5 मिलिमीटर वाढतो, आणि डांबरी सडक त्याहून जास्त खाते. दिवाळीच्या सुमारास बीडकडच्या टोळ्या ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात उतरल्या की टायरगाड्यांचे बैल महिनोन्‌महिने त्याच सडकेवर उसाचं ओझं ओढतात. पत्रीवाल्याचाही हंगाम तोच.

मराठेशाहीत मोहिमेवर निघण्याआधी स्वारांना जी आगाऊ रक्कम मिळे, तिचं नावच ‘नालबंदी’. सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर, स्वतःचा घोडा आणणारा शिलेदार. आजचा गाडीवान हंगामाआधी टोळीच्या मुकादमाकडून ‘उचल’ घेतो, तीही आगाऊ रक्कमच. बैलजोडी स्वतःची म्हणून त्याला शिलेदार म्हणावं, तर ती जोडीही बरेचदा त्याच उचलीतून आलेली. उचल फिटेपर्यंत तो शिलेदार की बारगीर, हे मुकादमालाच विचारलेलं बरं.

आता बरीचशी वाहतूक ट्रॅक्टरने होते, आणि ट्रॅक्टरला पत्री लागत नाही.

दोर सुटला तरी बैल क्षणभर तसाच पडून राहतो. मग धडपडत उठतो आणि पहिली काही पावलं उचलून उचलून टाकतो, नवे बूट घातलेल्या पोरासारखी. पत्रीवाल्याला पैसे देण्याआधी गाडीवान बैलाला सडकेवर चालवतो, आणि मान खाली घालून ऐकतो.