गाडीत बसलं की शिंका? निघण्याआधी एवढं कराच!

बॅगा डिकीत गेल्या, गाणी सुरू झाली आणि पहिला टोलनाका येण्याआधीच मागच्या सीटवर शिंकांचा सपाटा सुरू! आपण म्हणतो, ‘बाहेर धूळच फार आहे.’ पण बऱ्याचदा त्रासाचं मूळ गाडीच्या आतच असतं.

आधी गाडी तपासा
एसीची हवा केबिन फिल्टरमधून गाळून येते. बहुतेक गाड्यांमध्ये तो ग्लव्ह बॉक्सच्या मागे असतो. गाडी बाहेरून चकचकीत असली तरी हा फिल्टर काळाकुट्ट झालेला असू शकतो. निघण्याच्या चार दिवस आधी तो पाहून घ्या, गरज वाटली तर बदला. सीट आणि मॅटवर व्हॅक्यूम क्लीनर फिरवा. उग्र वासाचं एअर फ्रेशनर काढून टाका. दमा असणाऱ्यांना त्याने त्रास होऊ शकतो.

रस्त्यात काय कराल?
पावसाळ्यात हायवेच्या कडेला बारीक पांढऱ्या फुलांचं गाजर गवत माजतं. त्याच्या परागकणांनी अनेकांना शिंका येतात, अंगाला खाज सुटते. अशा ठिकाणी किंवा धूर सोडणाऱ्या ट्रकमागे काचा बंद करून एसी रीसर्क्युलेशनवर ठेवा. मात्र तासन्‌तास नको. मोकळा रस्ता लागला की बाहेरची हवा आत घ्या, नाहीतर कोंदट हवेत चालवणाऱ्याला सुस्ती येते.

गोळी घेऊन स्टिअरिंग नको
सेटिरिझिनसारख्या गोळीने झोप येऊ शकते. चालवणाऱ्यालाच अ‍ॅलर्जी असेल तर कोणतं औषध चालेल, हे डॉक्टरांना आधीच विचारा. शिंकताना डोळे मिटतात आणि ताशी 80 किलोमीटर वेगातली गाडी एका सेकंदात 22 मीटर पुढे जाते! त्रास वाढला की गाडी सुरक्षित जागी थांबवा. इनहेलर तापलेल्या डॅशबोर्डवर नको, हाताशी असलेल्या पर्समध्ये ठेवा.

ढाब्यावर विचारायला लाजू नका
मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर ‘कूट घातलंय का?’ हे विचारायलाच हवं. साबुदाणा खिचडी, भरली वांगी, कोशिंबीर, कूट कशातही असतं. वरचे दाणे बाजूला काढून भागत नाही. घरचा डबा सोबत असलेला बरा.

हे अंगावर काढू नका
ओठ-जीभ सुजली, श्वास घ्यायला त्रास झाला किंवा चक्कर आली तर घरी पोहोचायची वाट पाहू नका. 112 वर फोन करा, राष्ट्रीय महामार्गावर 1033 वरही मदत मिळते. जवळचं हॉस्पिटल गाठा. सहल पुन्हा काढता येईल!