पळत्या लक्ष्याची नजर

खजराण्याच्या गणपतीस नवस बोलताना भिंतीवर उलटे स्वस्तिक काढण्याची रीत इंदूरच्या मराठी कुटुंबांस ठाऊकच आहे. अहिल्याबाई होळकरांनी उभारलेल्या या देवस्थानाभोवती आता दाट वस्ती झाली असून, अन्य शहरांतल्याप्रमाणे तेथील घरांतूनही सायंकाळी बंदुकींचे आवाज उठतात. बंदुका अर्थात पडद्यावरच्या! कपाळाला आठी घालणे सोपे आहे, आणि आम्हीही ती घालतो. परंतु मुलगा तेथे नेमके काय साधू पाहतो, हे वडीलधाऱ्यांनी एकदा समजून घ्यावे. पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ २०२५ च्या कायद्याने बंद केले. ई-स्पोर्ट्सला मात्र त्याच कायद्याने मान्यता दिली आहे.

कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक मिळविले, तेव्हा त्याचे लक्ष्य पन्नास मीटरांवर स्थिर होते. पडद्यावरचा प्रतिस्पर्धी क्षणात डावीकडे, क्षणात उजवीकडे पळतो, आणि गोळ्यांची धार त्याच्यावरून ढळू द्यावयाची नसते. खेळाडू याला 'ट्रॅकिंग' म्हणतात. एका झडपेत नेम साधण्याहून ही विद्या निराळी. १९९६ च्या 'क्वेक'मधील विजेच्या बंदुकीपासून तिचा कस लागत आला आहे.

यातील मर्म डोळ्यात आहे. वाचकांनी स्वतःच करून पाहावे: कोऱ्या भिंतीवर नजर संथपणे सरकवू गेल्यास ती अडखळत, उड्या मारीत जाते, पण कोणी समोरून बोट हलविले की तीच नजर त्यामागे अलगद वाहू लागते. म्हणून नजर प्रतिस्पर्ध्यावर खिळवावी, नेमाच्या खुणेवर नव्हे. नवशिका नेमका खुणेकडे पाहतो आणि हात झटके देऊ लागतो. शिवाय डोळ्याने पाहिल्यापासून हात हलेपर्यंत सेकंदाचा सुमारे पाचवा हिस्सा जातोच. तेव्हा केवळ मागे धावून भागत नाही, चाल ओळखावी लागते. प्रतिस्पर्धी अचानक उलटला तर नेम क्षणभर सुटणारच. तो ओढून न आणता सलग गतीने परत न्यावा.

माउसची गती फार वाढविलेली असली तर हाताचा बारीक कंपही पडद्यावर उमटतो. ती कमी करून मोठी हालचाल कोपरापासून आणि बारीक मनगटाने करावी. फोनवर हेच काम जायरोस्कोप, म्हणजे फोन किंचित कलता करून, साधते. एकदा बसविलेली गती रोज बदलू नये. हातास तिची ओळख व्हावी लागते. सेकंदाला साठऐवजी एकशे चव्वेचाळीस चित्रे दाखविणारा पडदा मदत करतो खरा, पण हट्ट पुरविण्यापूर्वी पालकांनी मुलाची पकड पाहावी. मूठ आवळलेली असेल तर महागडा पडदा व्यर्थ होय.

सरावाविषयी इंदूरकरांस निराळे काय सांगावे! उस्ताद अमीर खाँसाहेबांची अतिविलंबित लय याच शहरास परिचित आहे. 'कोव्हाक्स' किंवा 'एम लॅब' यांसारख्या सरावाच्या साधनांत आरंभी संथ लक्ष्य घ्यावे, त्यावरून नेम ढळेनासा झाला की मगच वेग चढवावा. दिवसाकाठी पंधरा-वीस मिनिटे एकाग्रतेने केलेला सराव पुष्कळ झाला. मनगट किंवा अंगठा दुखू लागल्यास मात्र त्या दिवशी खेळ तेथेच थांबवावा. दुखरा हात आखडतो, आणि आखडलेल्या हाताला चुकीचेच वळण लागते.

आणि मातांस एक विनंती: 'बीजीएमआय'चा एक डाव अर्ध्या तासापर्यंत चालतो, आणि तो मध्येच थांबविता येत नाही. पाने मांडावयाची वेळ डाव सुरू होण्यापूर्वीच सांगून ठेवावी.