‘इतके कोटी विकले’ म्हणजे नेमके कुठे मोजले?



‘अमुक कन्सोल इतके कोटी विकले’ असे आकडे मुलं मोबाईलवर वाचतात आणि त्यावरून भांडतातही. (कन्सोल म्हणजे व्हिडिओ गेम खेळायचं यंत्र, बहुधा टीव्हीला जोडायचं.) पण हे आकडे मोजतात कसे?

आधी आपल्या ओळखीचं उदाहरण घेऊ. पाठ्यपुस्तकं किती छापून बाहेर पडली, किती शाळेत पोहोचली आणि किती मुलांच्या हातात गेली, हे तीन वेगळे आकडे आहेत. कपाटात दहा पुस्तकं पडून असतील, तर दुसरा आकडा तिसऱ्यापेक्षा दहाने मोठा येणार. कन्सोलचंही तसंच असतं.

१) कारखान्यातून बाहेर पडलेले : सोनी कंपनी २००७ पर्यंत प्लेस्टेशनचा हा आकडा द्यायची. नंतर तिने पद्धत बदलली.

२) दुकानदाराला विकलेले : माल व्यापाऱ्याकडे गेला की कंपनीच्या हिशेबात विक्री झाली. निन्टेंडो दर तीन महिन्यांनी जाहीर करते तो मुख्यतः हाच आकडा.

३) गिऱ्हाइकाने घेतलेले : जपानमध्ये फामित्सू, अमेरिकेत सरकाना (पूर्वीची एनपीडी) अशा संस्था दुकानांकडून विक्रीची माहिती गोळा करतात. सगळ्याच दुकानांची माहिती मिळत नाही, उरलेल्यांचा अंदाज धरतात.

फरक कुठे पडतो?

निन्टेंडोचा ‘वी यू’ नोव्हेंबर २०१२ मध्ये आला. डिसेंबरअखेर ३०.६ लाख यंत्रं व्यापाऱ्यांकडे गेली. पुढच्या तीन महिन्यांत फक्त ३.९ लाख आणि त्यापुढच्या तीन महिन्यांत १.६ लाख! नाताळात खप जास्त असतो हे खरं, पण एवढी घसरण त्याने होत नाही. दुकानात आधीचाच माल पडून असेल, तर दुकानदार नवा मागवेल कशाला? पहिला आकडा बघून ‘काय जोरात चाललाय!’ म्हणणारे फसले असते. कंपनीने मार्च २०१४ पर्यंतच्या वर्षासाठी ९० लाखांचा अंदाज केला होता, तो शेवटी २८ लाखांवर आणावा लागला.

दुकानदार पडून राहणारा माल कायम घेत नाही. म्हणून वर्षं गेली की दुसरा आणि तिसरा आकडा जवळ येतात. सावध राहायचं ते सुरुवातीच्या महिन्यांत.

मायक्रोसॉफ्टने तर २०१५ मध्ये एक्सबॉक्सच्या यंत्रांची संख्या सांगणंच थांबवलं. त्यानंतरचे आकडे म्हणजे बहुतेक इतरांचे अंदाज.

वर्गात काय करता येईल?

स्तंभालेख शिकवताना मुलांना तीन प्रश्नांची सवय लावा : कोणी मोजलं? कुठे मोजलं? कोणत्या तारखेपर्यंत? दोन आकड्यांची उत्तरं वेगळी आली, तर ते स्तंभ शेजारी-शेजारी काढून तुलना करायची नाही. सुरुवात घरच्याच उदाहरणाने करा : आपल्या वर्गाचा पट किती, आणि आजची हजेरी किती?