गाडीचा पिवळा दिवा काय सांगतो?



गळीत हंगाम तोंडावर आला की वाहनांची डागडुजी सुरू होते. पूर्वी इंजिन अडले की मिस्त्री कान लावून आवाज ऐकायचा, नळी सैल करून हवा काढायचा, अन् गाडी चालू! आता इंजिनवर संगणक बसला आहे. त्याचे म्हणणे समजले नाही तर भुर्दंड आपल्यालाच बसतो.

आपल्या एका सभासदाचेच बघा. कांद्याचा पिकअप घेऊन ते वाशीला निघाले. कसारा घाट उतरला, शहापूर मागे पडले आणि पडघ्याच्या अलीकडे पिवळा दिवा लागला. चढाला गाडी ओढीना. रस्त्याकडेच्या एका मिस्त्रीने यंत्र जोडले, ‘पी ००८७’ हा कोड वाचला आणि म्हणाला, “पंप गेला, नवा टाका.” खर्चाचा आकडा ऐकून सभासदांना घाम फुटला. तरी “आधी डिझेल फिल्टर बघा” असा त्यांनी हट्ट धरला. फिल्टर गाळाने तुंबला होता, तळाशी पाणी साचले होते. तो बदलला, हवा काढली आणि माल वेळेवर बाजारात पोचला.

यातली गोम अशी, की पंप गेला असे कोड म्हणतच नव्हता. इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीत दाब कमी आहे, एवढेच तो सांगत होता. दाब का कमी? टाकीत डिझेल थोडे असेल, फिल्टर तुंबला असेल, नळीत हवा असेल, इंजेक्टर गळत असेल, नाहीतर पंप झिजला असेल. थर्मामीटर ताप दाखवतो, रोग डॉक्टरने शोधायचा असतो. तसेच हे.

अमेरिकेत १९९६ पासून नव्या मोटारींना ही एकसारखी कोडपद्धत सक्तीची झाली. आपल्याकडे चारचाकींना ती २०१३ पासून लागू झाली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर धुराच्या नियंत्रणासाठी तपासणी आणखी कडक झाली. स्टिअरिंगच्या खाली १६ पिनांचे सॉकेट असते, तिथे यंत्र जोडतात. कोडातले ‘पी’ म्हणजे इंजिन-गिअर, ‘बी’ बॉडी, ‘सी’ चॅसिस, ‘यू’ संगणकांमधले दळणवळण. पुढचा आकडा ० असेल तर कोड सर्व कंपन्यांना समान, १ असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा.

आता तपासणीचा क्रम ध्यानात ठेवा :

१) कोड आधी वहीत लिहून घ्या. बॅटरीची तार काढून दिवा घालवू नका. बऱ्याच गाड्यांत त्याने नोंद पुसते, बिघाड मात्र तसाच राहतो.

२) स्वस्तातले आधी बघा : फिल्टर, बॅटरीची टोके, सैल प्लग, फाटकी नळी. उसाच्या फडाजवळ उभ्या गाडीच्या तारा उंदीर कुरतडतात, हे विसरू नका.

३) भाग बदलण्याआधी खात्री करा. पेट्रोल गाडीत ‘पी ०३०१’ आला, तर पहिला सिलिंडर नीट पेटत नाही. पहिल्या-दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइल आपसात बदला. कोड ‘पी ०३०२’ झाला तर कॉइलच खराब. नाही झाला तर स्पार्क प्लग आणि इंजेक्टर बघा.

४) दुरुस्तीनंतर कोड पुसा, थोडी गाडी चालवा आणि पुन्हा तपासा.

पिवळा दिवा स्थिर असेल तर बेताने गॅरेज गाठता येते. लुकलुकत असेल तर वेग कमी करून शक्य तितक्या लवकर थांबा. ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला, तर जागीच इंजिन बंद करा. तिथे एक किलोमीटरचा मोहसुद्धा महाग पडतो.

मोबाईलला जोडायचे छोटे यंत्र चार-पाच सभासदांनी मिळून घेतले तरी चालेल. मात्र २४ व्होल्टच्या ट्रकला त्याला चालणारेच यंत्र लावा. आणि हे पान आपल्या ड्रायव्हरलाही वाचून दाखवा, बरं का! ऐन हंगामात गाडी दोन दिवस उभी राहिली, तर तोडलेला ऊस फडातच वाळतो आणि वजनात घट येते.