मुदतीचे काम आणि अडलेला बोगदा

कचेरीत एखादे मोठे काम अंगावर आले, की आधी बैठक भरते, चहा होतो आणि काम संपविण्याची तारीख ठरते. कोणते काम कोणत्या कामासाठी खोळंबणार, हे मात्र सहसा कागदावर उतरत नाही. त्याचा भोग शेवटच्या आठवड्यात घरच्यांना भोगावा लागतो. रात्री दहापर्यंत ताटे झाकून वाट पाहणे आपल्या किती घरांना चुकले आहे?

गोमंतकातून व कारवारातून धावणाऱ्या कोकण रेल्वेची कथा या दृष्टीने मोठी बोधप्रद आहे. १९९० साली महामंडळ स्थापन झाले. रोहा ते ठोकूर हा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग पाच वर्षांत पुरा करण्याचा संकल्प होता. ई. श्रीधरन यांच्या कारकिर्दीत तेथील कचेऱ्यांतून उरलेले दिवस दाखविणारी उलटी घड्याळे लावलेली असत. तरीही संपूर्ण मार्ग खुला होण्यास १९९८ चा जानेवारी उजाडला. गोव्यात मार्गाच्या आखणीवरून वाद झाले हे खरेच. पण अखेरपर्यंत अडवून धरले ते पेडण्याच्या बोगद्याने. कातळापेक्षा पाण्याने भिजलेली मऊ माती पोखरणे कठीण ठरले. इतरत्र कितीही रूळ पडले, तरी तो बोगदा पुरा होईपर्यंत मुंबईची गाडी सलग मंगळुरास जाणे शक्य नव्हते.

प्रत्येक कामात असा एक बोगदा असतो. कचेरी नव्या इमारतीत हलवावयाची आहे असे समजू. जुन्या दप्तराची छाननी १२ दिवस, याद्या व गठ्ठे ५, वाहतूक २, मांडणी ४. एकूण २३ दिवस. रंगकाम व वीजजोडणीस १० दिवस पुरतात आणि ती वाहतुकीपूर्वी, म्हणजे १७ दिवसांत, झाली की पुरे. म्हणजे रंगारी आठवडाभर रेंगाळला तरी काही बिघडत नाही. छाननी एक दिवस लांबली, तर सारेच एक दिवस लांबते. साहेब मात्र रंगाऱ्यावरच रागावतात, कारण रंग डोळ्यांना दिसतो!

छाननीस चार नवी माणसे दिल्यानेही फारसे साधत नाही. कोणता कागद जपावा, हे दप्तर सांभाळणाऱ्या जुन्या कारकुनासच ठाऊक असते. त्याची इतर कामे नव्या माणसांकडे सोपवावीत, आणि किती दिवस लागतील हेही त्यालाच विचारावे. आठवड्याच्या आढाव्यात ‘किती झाले?’ असे विचारले, की ‘बहुतेक झालेच’ हे उत्तर ठरलेले. त्याऐवजी ‘आणखी किती दिवस?’ असे विचारून आकडा लिहून घ्यावा.

सणावाराच्या रजाही आधीच मांडाव्यात. चतुर्थीच्या दिवसांत गोव्यातील कचेऱ्या ओस पडतात, हे काही अकल्पित संकट नव्हे. वाहतूक त्या आठवड्यात ठेवूच नये.