वेशीवरचं स्वागत आणि हुकलेल्या तारखा

घटस्थापना होऊन एकच दिवस झाला होता. आपल्याकडं घरोघरी घटाभोवती धान्य पेरलेलं होतं आणि त्याच वेळी दक्षिण आफ्रिकेपासून अमेरिकेपर्यंत कितीतरी माणसं घरातली आवराआवर करून आकाशाकडं डोळे लावून बसली होती. २३ आणि २४ सप्टेंबर २०२५. या दोन दिवसांत येशू ख्रिस्त येईल आणि आपल्या माणसांना उचलून नेईल, असं जोशुआ म्हलाकेला या दक्षिण आफ्रिकी गृहस्थांनी एका यूट्यूब मुलाखतीत सांगितलं होतं. पुढचं सगळं वाचकांनी मोबाइलवर पाहिलंच आहे. टिकटॉक आपल्याकडं २०२० पासून बंद आहे, तरी ते व्हिडिओ रीलच्या वाटेनं इथंही पोचले. कोणी गाडी विकल्याचं सांगत होतं, कोणी नोकरी सोडल्याचं. कोणी मागं राहणाऱ्या नातेवाइकांसाठी चिठ्ठ्या लिहून ठेवल्या. २५ तारीख नेहमीसारखी उजाडली. मग ज्युलियन कॅलेंडरचा हिशेब पुढं आला आणि तारीख ऑक्टोबरात सरकली. तीही गेली.

या प्रकरणावर जगभर भरपूर हसून झालं. मला त्यात हसण्यासारखं फारसं सापडलं नाही. ज्यानं गाडी विकली त्याला २५ तारखेला कामावर कसं जायचं हा प्रश्न होता, आणि तो प्रश्न त्यानं श्रद्धेपोटी ओढवून घेतला होता. विचारायला हवं ते वेगळंच आहे. ही तारीख आली कुठून? आणि मुळात ही ‘उचलून नेण्याची’ कल्पना तरी कुठून आली? पहिल्याचं उत्तर आकडेमोडीत आहे. दुसऱ्याचं एका ग्रीक शब्दात आहे, आणि तो शब्द इंग्रजी वाचकापेक्षा मराठी वाचकाला लवकर उमगेल, असं माझं ठाम मत आहे.

आधी आकडे. त्या दिवसाविषयी आणि त्या घटकेविषयी कोणालाही ठाऊक नाही, असं येशूनं सांगितल्याचं मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. तारीख सांगणाऱ्यांच्या वाटेतला हा सर्वांत मोठा धोंडा. त्याला वळसा घालायला एक युक्तिवाद तयार झाला. यहुदी लोकांचा कर्ण्यांचा सण, म्हणजेच त्यांचं नवं वर्ष, महिन्याच्या पहिल्या दिवशी येतो. प्राचीन काळी चंद्रकोर प्रत्यक्ष दिसल्याशिवाय महिना सुरू होत नसे. त्यामुळं सण आज की उद्या, हे आधी सांगता येत नसे. तेव्हा ‘दिवस ठाऊक नाही’ हा या सणाचाच सांकेतिक उल्लेख आहे, असं हे लोक म्हणतात. म्हणजे जे वाक्य तारीख काढू नका म्हणून सांगतं, त्यातूनच तारीख काढायची. २३-२४ सप्टेंबरची तारीख याच सणाची होती. १९८८ साली नासाचे माजी अभियंता एडगर व्हिझनंट यांनी ८८ कारणं देऊन जी तारीख सांगितली होती, तीही याच सणाची होती. त्या वर्षाचा हिशेब असा, की १९४८ मध्ये इस्रायल स्थापन झालं आणि बायबलमधली एक पिढी चाळीस वर्षांची. त्यांच्या पुस्तिकेच्या लाखो प्रती खपल्या. सण येऊन गेला आणि व्हिझनंट यांनी १९८९ ची तारीख दिली.

या सगळ्यांचे पूर्वज म्हणजे न्यूयॉर्क राज्यातल्या लो हॅम्पटनचे शेतकरी विल्यम मिलर. बाप्टिस्ट, वाचनवेडे, स्वभावानं सरळ. बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकात २,३०० दिवसांचा उल्लेख आहे. एक दिवस म्हणजे एक वर्ष असं धरून मिलर यांनी इसवी सनपूर्व ४५७ पासून मोजायला सुरुवात केली आणि ते १८४३ ला पोचले. इसवी सनात शून्य वर्ष नाही हे मागाहून ध्यानात आलं आणि १८४४ साल ठरलं. शेवटी त्यांच्या अनुयायांपैकी सॅम्युअल स्नो यांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा नेमका दिवस काढला. हजारो लोक त्या रात्री जागले. न्यू हॅम्पशायरमधल्या एका शेतकऱ्यानं तर शेतातले बटाटे काढलेच नाहीत, अशी हकिकत मिलर यांच्या अनुयायांच्या इतिहासात सांगितली जाते. पीक काढून साठवणं त्याला अविश्वासाचं वाटलं. लोक पांढरे झगे घालून टेकड्यांवर जाऊन बसले ही कथा मात्र पुढं अभ्यासकांनी खोटी ठरवली. टवाळखोरांनी ती पसरवली होती. त्या दिवसाला इतिहासात ‘महानिराशा’ असंच नाव पडलं. मिलर यांनी चूक कबूल केली आणि १८४९ मध्ये ते वारले, तेव्हाही प्रभू लवकरच येईल हा त्यांचा विश्वास अभंग होता.

शून्य वर्षाची हीच गोष्ट २०११ मध्ये पुन्हा दिसते. फॅमिली रेडिओ या ख्रिस्ती नभोवाणीचे हॅरॉल्ड कॅम्पिंग यांनी नोहाचा जलप्रलय इसवी सनपूर्व ४९९० मध्ये धरला, त्यात सात हजार वर्षं मिळवली, शून्य वर्ष नसल्याचं एक वाढवलं आणि २०११ आणलं. दुसरा ताळा त्याहून गुंतागुंतीचा होता. पाच, दहा आणि सतरा या आकड्यांचा गुणाकार ८५०, त्याचा वर्ग ७,२२,५००. ख्रिस्ताच्या क्रुसावरच्या मृत्यूपासून तेवढे दिवस मोजले की २१ मे २०११ येतो. न्यूयॉर्कमधल्या एका निवृत्त वाहतूक कर्मचाऱ्यानं आयुष्यभराच्या बचतीतले सुमारे १ लाख ४० हजार डॉलर या तारखेच्या जाहिरातींवर खर्च केले. कॅम्पिंग यांनी आधी तारीख २१ ऑक्टोबरला ढकलली. २०१२ मध्ये मात्र त्यांनी तारीख सांगणं हे पाप होतं असं जाहीरपणे मान्य केलं. हा कबुलीजबाब मला मोलाचा वाटतो. तारीख देणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी तो दिला आहे.

दक्षिण कोरियात दामी मिशन या पंथाच्या ली जांग-रिम यांनी २८ ऑक्टोबर १९९२ ही तारीख दिली होती. त्यांच्या शब्दावर लोकांनी घरं विकली, नोकऱ्या सोडल्या. खुद्द ली यांनी जे रोखे घेतले होते त्यांची मुदत १९९३ च्या मे महिन्यात संपत होती. फसवणुकीबद्दल त्यांना शिक्षा झाली. श्रद्धा आणि लबाडी यांतली सीमारेषा इतकी स्वच्छ क्वचितच दिसते.

पण तारखा बाजूला ठेवल्या तरी मूळ कल्पना उरतेच, आणि खरा गुंता तिथं आहे. या उचलून नेण्यासाठीचा ‘रॅप्चर’ हा शब्द लॅटिन बायबलमधल्या क्रियापदावरून आला आहे. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ झडप घालून उचलणं. हे सगळं प्रेषित पौलाच्या थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रातल्या चौथ्या अध्यायात आहे, आणि ते पत्र इसवी सन ५० च्या सुमाराचं आहे. थेस्सलनीका हे मॅसिडोनियातलं बंदर. तिथल्या नव्या ख्रिस्ती मंडळीत काही माणसं वारली होती आणि उरलेल्यांना काळजी लागली होती, की प्रभू येईल तेव्हा आपल्या या गेलेल्या माणसांचं काय? पौलाचं उत्तर शोकग्रस्तांसाठी आहे: तुमचे मृत आधी उठतील, मग जिवंत असलेले त्यांच्याबरोबर ढगांत घेतले जातील आणि प्रभूला भेटतील. एवढंच. आजच्या रॅप्चरच्या कथेतलं सात वर्षांचं महासंकट, त्याआधी विश्वासणाऱ्यांचं गुपचूप नाहीसं होणं, रिकाम्या मोटारी, यांतलं काही त्या उताऱ्यात नाही.

ते कुठून आलं? आयर्लंडमधून. जॉन नेल्सन डार्बी हे तिथल्या विकलोच्या डोंगराळ भागात धर्मसेवा करणारे पाळक. १८२७ मध्ये घोड्यावरच्या अपघातात जायबंदी होऊन ते अंथरुणाला खिळले आणि त्या काळात बायबल नव्यानं वाचू लागले. पुढं त्यांनी मांडलं, की देवाची इस्राएलसाठीची योजना वेगळी आणि मंडळीसाठीची वेगळी. दानीएलाच्या सत्तर ‘आठवड्यां’पैकी एकोणसत्तर संपले, शेवटचा आठवडा, म्हणजे सात वर्षं, उरला आहे आणि तो इस्राएलचा आहे. मग त्या सात वर्षांत मंडळी पृथ्वीवर कशाला हवी? तिला आधीच उचलायला हवं. तर्क आतून घट्ट बांधलेला आहे, म्हणूनच तो टिकला. ‘महासंकटाआधी, मध्ये की नंतर’ हा आज चाललेला वाद याच चौकटीतला आहे. १८६० आणि ७० च्या दशकांत डार्बी वारंवार अमेरिकेत गेले. १९०९ मध्ये सायरस स्कोफिल्ड यांचं टीपांसह बायबल ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनं छापलं. त्याची खरी ताकद मांडणीत होती. वर वचन आणि त्याच पानावर खाली टीप. पिढ्यान्पिढ्या वाचणाऱ्यांना पौलाचं कुठं संपतं आणि स्कोफिल्डचं कुठं सुरू होतं हे उमगेनासं झालं. १९७० मधलं हॅल लिंडसे यांचं पुस्तक आणि १९९५ पासूनची ‘लेफ्ट बिहाइंड’ ही कादंबरीमालिका यांनी ते घरोघरी नेलं.

आता तो शब्द. प्रभूला ‘भेटायला’ या ठिकाणी पौलानं ‘अपांतेसिस’ हा शब्द वापरला आहे. डरहॅमचे माजी बिशप आणि नव्या कराराचे अभ्यासक एन. टी. राइट यांनी त्यावर खूप भर दिला आहे. ग्रीक नगरांत सम्राट किंवा मोठा अधिकारी यायचा असला की नागरिक वेशीबाहेर जाऊन त्याला भेटत आणि त्याच्याबरोबर नगरात परत येत. नव्या करारात हा शब्द आणखी दोन ठिकाणी येतो. पौल रोमजवळ आल्यावर तिथले बंधू अप्पियाच्या पेठेपर्यंत त्याला घ्यायला येतात, तेव्हा. आणि दहा कुमारींच्या दाखल्यात नवरदेव येतो, तेव्हा. पौलाला घ्यायला आलेले लोक त्याच्यासोबत रोमलाच परतले. ते त्याला दुसरीकडं घेऊन गेले नाहीत.

मराठी माणसाला हे वेगळं समजवायची गरज आहे का? पालखी येणार म्हटलं की गाव वेशीवर जातो आणि पालखीच्या मागं गावात येतो. नवरदेव आला की सीमांतपूजन होतं आणि वऱ्हाड गावात आणलं जातं. वेशीवर जाऊन भेटणारा पाहुण्याबरोबर गाव सोडून निघून गेला, असं कधी होत नाही. प्रचलित मराठी बायबलच्या भाषांतरकारांनी इथं ‘सामोरे’ हाच शब्द ठेवला आहे. इंग्रजीतल्या साध्या ‘मीट’मध्ये हा सगळा व्यवहार हरवतो, आपल्या शब्दात तो शाबूत आहे. या शब्दाला प्रत्येक वेळी हाच अर्थ असतो असं नाही, असा आक्षेप काही अभ्यासक घेतात आणि तो ऐकून घेण्याजोगा आहे. पण दहा कुमारी आणि अप्पियाची पेठ शेजारी ठेवून वाचलं, तर मला दुसरा अर्थ पटत नाही. पौलाची माणसं जग सोडून पळत नाहीत. येणाऱ्याला घरी आणायला ती सामोरी जातात.

आणि काम सोडून वाट पाहत बसणारेही नवे नाहीत. थेस्सलनीकाकरांसच लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात प्रभूचा दिवस येऊन ठेपला असं कोणी सांगितलं तर गांगरू नका, अशी सूचना आहे, आणि जो काम करायला तयार नाही त्यानं खाऊही नये, अशी ताकीदही आहे. जे सप्टेंबरात रीलवर दिसलं, त्याला पहिल्या शतकातच उत्तर देऊन ठेवलेलं आहे.

आपल्याकडं ही शिकवण तशी जुनी आहे. डार्बींचे सहकारी अँथनी नॉरिस ग्रोव्ह्ज १८३३ मध्येच भारतात आले होते. आज अनेक पेंटेकॉस्टल मंडळ्यांत ‘रॅप्चर’वर प्रवचनं होतात. पण २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले जे सुमारे १० लाख ८० हजार ख्रिस्ती नोंदले गेले, त्या सगळ्यांचीच ही श्रद्धा आहे असं समजणं चूक ठरेल. कॅथलिक चर्चची अधिकृत शिकवण सांगते, की ख्रिस्त येण्याआधी चर्चला अखेरच्या कसोटीतून जावं लागेल. आधी सुटका हा भाग त्यात नाही. पुण्यातलं स्पायसर अॅडव्हेंटिस्ट विद्यापीठ ज्या पंथाचं आहे, तो सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट पंथ तर मिलर यांच्या महानिराशेतूनच उभा राहिला. तो ख्रिस्ताच्या येण्याची आजही उत्कट वाट पाहतो, पण गुपचूप उचलून नेणं मानत नाही आणि त्या दिवसाची तारीख सांगत नाही. पोळल्यावर शहाणपण आलेला पंथ शाळा, इस्पितळं, विद्यापीठं बांधत वाट पाहतो, हे मला कुठल्याही युक्तिवादापेक्षा बोलकं वाटतं.

पाळकांना आणि धर्मगुरूंना एक विनंती आहे. पुढची तारीख येईल, तेव्हा तिच्यावर गप्प राहू नका. आपल्या मंडळीतलं कोणी घर किंवा नोकरी सोडायला निघालं असेल, तर त्याला हसणाऱ्यांच्या आधी तुम्ही गाठा.

३० नोव्हेंबर २०२५ ला आगमनकाळाचा पहिला रविवार होता. त्या दिवशी वसईसह जगभरच्या बहुतेक कॅथलिक चर्चमध्ये मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायातला उतारा वाचला गेला. शेतात दोघे असतील, एक घेतला जाईल आणि एक राहील. जात्यावर दळणाऱ्या दोघी असतील, एक घेतली जाईल आणि एक राहील. रॅप्चरची शिकवण देणारे याच ओळींवर बोट ठेवतात. त्यांच्या लगेच आधी नोहाची गोष्ट आहे, आणि तिथं ज्यांना पुरानं नेलं ते बुडाले. नोहा मागं राहिला होता.